आजीबाईचा बटवा : श्रद्धा आणि परीक्षा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि इतिहास या विषयांवर विद्वानांची भाषणे झाल्यानंतर बुरशी आणि जंतू यांच्याविषयी बोलण्याचे काम आमच्याकडे आले आहे. विषय मंगल नाही, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु कोलकात्यात संसार केलेल्या कोणत्याही मराठी गृहिणीला तो अपरिचितही नाही. गावाहून जिवापाड जपून आणलेली लोणच्याची बरणी आषाढात उघडावी आणि वर पांढुरका बुरा दिसावा, कपाटातल्या चपलांवर हिरवट थर चढावा, पुस्तकांच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटावेत आणि अखेर घरातल्या कोणाच्या तरी कमरेला किंवा जांघेत ते खाजरे लाल कडे दिसू लागावे, हा येथील वर्षाकाळाचा नित्यक्रम आहे. त्या कड्याला आपण गजकर्ण किंवा नायटा म्हणतो, आपले बंगाली शेजारी दाद म्हणतात. कारण एकच, बुरशी.

अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने स्नान करावे, हळद लावावी, टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात वाटून चोळावे. आमच्या आजीने हेच केले आणि कोणाचे काही बिघडले नाही. दुसरा पक्ष म्हणतो, हे सारे जुने खूळ आहे, कोपऱ्यावरच्या दुकानातून मलमाची नळी आणावी. आजच्या व्याख्यानात आम्हांला असे दाखवावयाचे आहे की, दोन्ही पक्ष अर्धवट बरोबर आहेत आणि दोघांच्याही अर्धवटपणाची किंमत कधी कधी फार मोठी द्यावी लागते.

प्रथम एक साधा प्रश्न घेऊ. वनस्पतींमध्ये जंतुनाशक द्रव्ये असतातच कशासाठी? ती आपल्या सोयीसाठी निर्माण झालेली नाहीत. वनस्पतीला पळता येत नाही. तिचा कांदा ओल्या मातीत गाडलेला असतो, तिचे बी महिनोन्महिने जमिनीवर पडून राहते, आणि भोवताली असंख्य जंतू व बुरश्या तिला खाऊन टाकण्यास टपलेल्या असतात. स्वसंरक्षणासाठी तिने जी रासायनिक शस्त्रे जमविली, त्यांतील काही आपण उचलून बटव्यात ठेवली, एवढेच.

लसणाचे उदाहरण घ्या. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की डोळ्यांत पाणी येते. याचे कारण असे की, पाकळीच्या पेशीत अ‍ॅलिइन नावाचे द्रव्य एका कप्प्यात आणि त्यावर क्रिया करणारे विकर दुसऱ्या कप्प्यात ठेवलेले असते. ठेचल्यावर कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते आणि अ‍ॅलिसिन तयार होते. हे अ‍ॅलिसिन जंतूंच्या शरीरातील गंधकयुक्त प्रथिनांना चिकटते व त्यांचे काम बंद पाडते. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघा शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले व त्याचे जंतुनाशक गुण दाखविले. उष्णतेने मात्र ते विकर नष्ट होते. म्हणून अख्खी पाकळी तेलात तळली तर चव उरते, पण शस्त्राची धार राहत नाही. आमच्या भगिनींना यात नवल वाटू नये. मोहरी 'फेसावी' लागते, हे त्यांना शास्त्रज्ञांच्या आधीपासून ठाऊक आहे. कोरडी मोहरी नुसती ठेवली तर झणझणत नाही. कुटून पाण्याशी फेटली की नाकात जाते. तेथेही दोन द्रव्यांची गाठ घालून देण्याचाच हा प्रकार असतो, आणि जो झणका उत्पन्न होतो तो बुरशीलाही सोसत नाही. लोणच्याच्या बरणीत मीठ पाणी बांधून ठेवते, वरचे तेल हवा अडविते आणि मोहरी, हळद व हिंग पहारा करतात. तेलाची पातळी फोडींच्या खाली गेली की पहारा मोडतो व बुरा चढतो. आपली आजी 'तेल वर असू दे' म्हणत असे. तिच्या त्या वाक्यात शास्त्र होते, शब्द तेवढे नव्हते.

ओव्याचीही अशीच कथा आहे. ओव्याच्या तेलात थायमॉल विपुल असते, आणि थायमॉल हे मान्यताप्राप्त जंतुनाशक होय. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानचा ओवा जहाजांत भरून जर्मनीस जात असे आणि तेथे त्यातून थायमॉल काढीत. आपल्या डब्यातील वस्तूची किंमत दूरच्या रसायनशास्त्रज्ञाला आपल्याआधी कळली, असे त्या काळी पुष्कळदा घडले.

आता गजकर्णाकडे वळू. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजणारा टाकळा आपण भाजी करून खातो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात आणि दद्रुघ्न असेही म्हणतात. चक्र म्हणजे त्वचेवरचे ते गोल कडे, आणि दद्रू म्हणजे दाद. रोगावरूनच वनस्पतीचे नामकरण झाले आहे. त्याच कुळातील पिवळ्या तुऱ्यांचे दादमर्दन हे झुडूप बंगालमध्ये परसदारी दिसते. तेही मूळचे अमेरिका खंडातील, पण येथे आले आणि लोकांनी त्याला कामावरून नाव दिले. या दोन्ही वनस्पतींत क्रायसोफॅनॉलसारखी अँथ्राक्विनोन जातीची द्रव्ये असतात.

याच जातीच्या आणखी एका औषधाने मोठा प्रवास केला. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाची पिवळसर तपकिरी पूड मिळे. नाव गोव्याचे, पण वस्तू ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाच्या खोडातली. पोर्तुगीज जहाजांनी ती गोव्यास आणली होती. १८७४ साली कलकत्त्यातील वैद्यकसेवेत नाव मिळविलेल्या सर जोसेफ फेअरर यांनी तिच्याविषयी लिहिले आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले. लवकरच सोरायसिस या त्वचारोगावर ती उपयोगी पडते असे दिसून आले. पुढे महायुद्धामुळे पुरवठा आटला, तेव्हा १९१६ साली जर्मनीत तिच्या सत्त्वाच्या धर्तीवर डायथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध तयार झाले, आणि त्वचारोगतज्ज्ञ ते आजही जाणतात. मात्र त्या पुडीने कातडी भाजे, कपड्यांवर न जाणारे डाग पडत आणि डोळ्यांत गेल्यास इजा होई. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत किती भोळी आहे, हे त्या काळच्या रोग्यांना चांगलेच ठाऊक होते.

हळद आणि कडुलिंब यांच्याविषयी बोलताना मराठी माणसास थोडा अभिमान वाटावा असे दोन प्रसंग आहेत. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाला 'जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग' या शोधाचे पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक होते गोव्यातील माशेल येथे जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर. 'आमच्या आज्या हेच करीत होत्या' एवढे म्हणून पेटंट रद्द होत नसते. छापील पुरावा लागतो. परिषदेने जुन्या ग्रंथांचे आधार शोधून सादर केले आणि त्यांत इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला लेखही होता. ते नियतकालिक याच शहरातून निघते. १९९७ साली पेटंट रद्द झाले.

दुसरा प्रसंग तर थेट आजच्या विषयाचा आहे. कडुलिंबाच्या तेलाने वनस्पतींवरील बुरशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीबद्दल १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने एका अमेरिकी कंपनीस व अमेरिकेच्या कृषिखात्यास पेटंट दिले. डॉ. वंदना शिवा आणि त्यांच्या युरोपातील सहकारी यांनी हरकत घेतली. त्या वादात जो पुरावा निर्णायक ठरला, तो पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५ व १९८६ सालच्या उन्हाळ्यात झालेल्या चाचण्यांचा होता. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ च्या मार्चमध्ये अपीलही फेटाळले गेले. लढाई म्युनिकमध्ये जिंकली गेली, पण तिची शिदोरी आपल्या शिवारातून गेली होती. कोणीतरी शेतात जाऊन, फवारणी करून, मोजमाप लिहून ठेवले होते म्हणून ती मिळाली. हे 'लिहून ठेवणे' लक्षात असू द्या. शेवटी त्याकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

येथवर ऐकून पहिल्या पक्षाचे लोक प्रसन्न झाले असतील. आता त्यांना थोडे नाराज करणे भाग आहे.

प्रयोगशाळेत एखाद्या अर्काची परीक्षा करताना काचेच्या तबकडीत जंतूंची दाट पेरणी करतात व मध्ये अर्कात भिजविलेला कागदाचा तुकडा ठेवतात. अर्कात गुण असेल, तर दुसऱ्या दिवशी त्या तुकड्याभोवती जंतुरहित स्वच्छ वलय दिसते. लसूण, लवंग, दालचिनी, ओवा हे सारे सुरेख वलये दाखवितात. परंतु असे वलय तीव्र व्हिनेगरनेही पडते. तबकडीतील जंतू मरणे ही पहिली पायरी आहे. दुसरी पायरी अशी की, ते द्रव्य शरीरात योग्य ठिकाणी, पुरेशा मात्रेत पोहोचले पाहिजे. आणि तिसरी, सर्वांत अवघड पायरी ही की, त्या मात्रेत ते जंतूला मारील पण रोग्याला अपाय करणार नाही. बुरशीच्या बाबतीत ही पायरी विशेष निसरडी आहे. जीवाणूंची पेशी आपल्या पेशीहून पुष्कळच निराळी असते. बुरशीची पेशी मात्र आपल्या पेशीची दूरची नातेवाईक आहे. तिला मारू पाहणारे पुष्कळदा आपल्यालाही दुखविते. म्हणूनच बुरशीवरची औषधे संख्येने थोडी आहेत.

हळदीतील पिवळे द्रव्य, कर्क्युमिन, घ्या. १९४९ साली त्याचे जंतुविरोधी गुण एका प्रख्यात शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर असंख्य निबंध लिहिले गेले. पण हळकुंडात ते शंभर भागांत साधारण तीन भाग असते, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फारच थोडे उतरते. पहिली पायरी उत्तम, दुसरीवर पाय अडखळतो. लसणाचे थोडे पुढे गेले. व्हेनेझुएलातील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात लसणापासून मिळणाऱ्या 'अजोईन' या द्रव्याचे मलम पायांच्या चिखल्यांवर वापरून पाहिले आणि त्यांचे निष्कर्ष आशादायक होते. स्पॅनिश भाषेत लसणाला 'आहो' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आमच्या भगिनी घरात ज्यांना 'अहो' म्हणतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. परंतु ते मलम मोजून-मापून केलेले होते. कच्चा लसूण ठेचून कातडीवर बांधला तर ती भाजते, फोड येतात. असे रोगी डॉक्टर नेहमी पाहतात.

परीक्षेच्या तिन्ही पायऱ्या प्रामाणिकपणे चढलेल्या एका वनस्पतीची कथा सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाता येणार नाही, कारण तिचा मोठा भाग याच शहरात घडला. ती वनस्पती म्हणजे तुवरक. सुश्रुतसंहितेत पश्चिम समुद्राच्या भूमीत होणाऱ्या तुवरकाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. सह्याद्रीच्या उतारावरचा आपला कडू कवठ तो हाच. बंगाल व ब्रह्मदेशाकडे त्याच्या भावाला चालमोगरा म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बाजारातून चालमोगऱ्याचे बी जगभर जाऊ लागले. पण वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे मूळ म्हणून भलत्याच झाडाची नोंद झाली होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नदीपलीकडच्या शिवपूर वनस्पतिउद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी खरे झाड कोणते याचा उलगडा केला. त्या भलत्या झाडाच्या तेलात अपेक्षित द्रव्य नव्हतेच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात सर लिओनार्ड रॉजर्स यांनी चालमोगरा जातीच्या तेलापासून टोचण्याजोगे क्षार करून महारोग्यांवर वापरले. होनोलुलूत अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्याच तेलाची अंगात सहज जिरणारी रूपे सिद्ध केली. तिचे वय तेव्हा तेवीस होते आणि चोविसाव्या वर्षी ती निवर्तली. पुढे पंचवीस-तीस वर्षे, या रोगाने वाळीत टाकलेल्या माणसांना जगात दुसरा आधारच नव्हता. टोचणी वेदनामय होती. काही रोग्यांना उतार पडे, पुष्कळांना पडत नसे. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन जातीच्या औषधाचा प्रयोग यशस्वी झाला, पाठोपाठ डॅप्सोन आले, आणि तुवरकाचे तेल बाजूस ठेवले गेले. डॅप्सोनलाही जंतू पुढे दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांची एकत्रित योजना पुरस्कारिली. आज महारोग वेळेवर ओळखला तर बरा होतो. तुवरकाचा अपमान झाला, असे आम्हांस वाटत नाही. त्याने आपल्या काळात आपले काम केले आणि अधिक समर्थ हातांत ते सोपविले. आपल्या परंपरेचा अभिमान असणाराने ही निवृत्तीही अभिमानानेच स्वीकारली पाहिजे.

याच्या उलट, जुन्या ग्रंथातील एक सूचना नीट वाचल्याने केवढे फळ मिळू शकते, हे चीनमधील तू यूयू यांनी दाखविले. हिवतापावरील एका वनस्पतीचा अर्क उकळून काढला असता गुण येत नव्हता. चौथ्या शतकातील ग्रंथात ती पाण्यात भिजवून रस पिळावा असे सांगितले होते. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यांच्या ध्यानी आले, त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी ग्रंथावर श्रद्धा ठेवली आणि त्याची परीक्षाही घेतली. दोहोंतील एकही सोडले नाही.

आता दुसऱ्या पक्षाकडे, म्हणजे मलमाच्या नळीकडे वळू. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाने चिवट रूप धारण केले आहे. पूर्वी काही आठवड्यांत जाणारा रोग महिनोन्महिने जात नाही, सगळ्या घराला होतो. याचे एक मोठे कारण म्हणजे बुरशीनाशक, जंतुनाशक आणि तीव्र स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेली मलमे. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, रोगी संतुष्ट होतो. पण त्वचेची प्रतिकारशक्ती झोपी जाते व बुरशी खाली पसरत राहते. २०१८ साली सरकारने अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला, सवय गेली नाही. दरम्यान बुरशीने नवे रूप घेतले. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रोग्यांच्या त्वचेतून मिळालेल्या एका बुरशीस नवी जात म्हणून नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिचे पुष्कळ वाण जुमानत नाहीत. नावात आपल्या देशाचा उल्लेख यावा आणि तो असा यावा, ही खेदाची गोष्ट आहे.

अशा स्थितीत लोक निराश होऊन पुन्हा बटव्याकडे वळतात. येथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. वडील निवृत्त होऊन आमच्याकडे राहावयास आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. त्यांनी रोज संध्याकाळी कडुलिंबाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून हळद आणि खोबरेल लावण्यास प्रारंभ केला. आम्ही जीवशास्त्र शिकविणारे. आम्हांला त्यात कौतुकच वाटले. वर्गात विद्यार्थ्यांना दाखविलेली ती स्वच्छ वलये डोळ्यांसमोर होती. तीन आठवडे गेले. पाय दुखत नाही, असे ते म्हणत आणि आम्ही ते सुलक्षण मानले. पाय दुखत नव्हता, कारण मधुमेहाने त्यातील संवेदनाच गेली होती, आणि मधुमेह आहे हे कोणास ठाऊक नव्हते. भेगेतून जीवाणू आत शिरले. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा दोन बोटे काढावी लागली. वडिलांनी कोणास दोष दिला नाही. 'हळदीचं काही चुकलं नाही रे,' एवढेच ते म्हणाले. ते खरे होते. हळदीचा जो अधिकार नव्हता, तो आम्ही तिला दिला होता.

तेव्हापासून आम्ही काही नियम पाळतो. ते आपल्यापुढे ठेवतो. घरगुती उपाय किरकोळ, ताज्या आणि वरवरच्या तक्रारीसाठी ठेवावा, आणि त्याला मुदत घालून द्यावी. आठ दिवसांत उतार नसेल तर डॉक्टर गाठावा. मधुमेही व्यक्तीच्या पायाला, डोळ्याला, भाजलेल्या जागेला आणि नवजात बालकाच्या नाळेला बटव्यातले काहीही लावू नये. लहान मुलास कडुलिंबाचे तेल पोटात देऊ नये. त्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. बिब्बा आणि रुईचा चीक यांपासून दूर राहावे. गजकर्ण झाल्यास दुकानदाराच्या सल्ल्याने नळी आणू नये. डॉक्टरांनी दिलेले औषध खाज थांबली म्हणून मध्येच सोडू नये. घरातील सर्वांची तपासणी एकाच वेळी करावी. आणि ज्या गोष्टीला पैसा पडत नाही ती आधी करावी : अंग कोरडे ठेवावे, दमट कपडे घालू नयेत, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. बुरशीला सर्वांत अप्रिय वनस्पती कोणती हे आम्ही सांगू शकत नाही, पण तिला सर्वांत अप्रिय गोष्ट म्हणजे कोरडेपणा, हे निश्चित.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आणखी एक धोका असतो, तो नावांचा. कोकणात ओले किराईत म्हणतात ते बंगालमधील कालमेघ होय; आणि आपले काडेचिराईत ही निराळीच, हिमालयातली वनस्पती. दोन्ही कडू, दोन्ही तापावर सांगितलेल्या. चालमोगऱ्याच्या बाबतीत मोठमोठ्या शास्त्रज्ञांची जी गफलत झाली, ती आपली बाजारात सहज होऊ शकते. म्हणून फोनवरून गावच्या आत्याने सांगितलेले नाव येथील दुकानदारास सांगून मिळेल ते घेऊ नये.

आता त्या 'लिहून ठेवण्या'विषयी. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मराठी गृहस्थ लष्करी वैद्यकसेवेतील डॉक्टर. त्यांनी मेजर बामनदास बसू या बंगाली सहकाऱ्यासह हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचा सचित्र महाग्रंथ रचला. तो १९१८ साली अलाहाबादहून प्रसिद्ध झाला. कीर्तिकर आदल्याच वर्षी निवर्तले होते. एक मराठी, एक बंगाली, आणि प्रकाशन गंगायमुनेच्या संगमावर! डॉ. वामन गणेश देसाई यांनी मराठीत 'ओषधिसंग्रह' सिद्ध केला. कर्नल रामनाथ चोप्रा यांनी येथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये देशी औषधांची शास्त्रीय छाननी केली आणि १९३३ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्याहीपूर्वी, सतराव्या शतकात, 'होर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथासाठी डचांना माहिती देणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. नागरी लिपीतील त्यांचे कोंकणी प्रमाणपत्र त्या ग्रंथात छापलेले आहे. तेही आपल्यासारखेच आपल्या मुलखापासून दूर, केरळात स्थायिक झालेल्या घराण्यांतले होते. परमुलखातली झाडे त्यांनी ओळखली, वापरली आणि लिहवून घेतली.

मंडळाच्या पन्नास वर्षांत येथे गणेशोत्सव झाले, नाटके झाली, हळदीकुंकवे झाली. गुढीपाडव्याला आपण कडुलिंबाची कोवळी पाने गूळ-ओव्याबरोबर खातो. त्याच दिवसांत शेजारच्या बंगाली घरात वांग्याबरोबर तळलेला नीमपाला पानात पहिला वाढतात. आपल्या वधूला हळद लागते, त्यांच्या वधूचा 'गाये होलुद' होतो. या ज्येष्ठ भगिनींच्या स्मरणात दोन्हीकडचे जे आहे, ते तरुण सभासदांनी एका वहीत उतरवून घ्यावे अशी आमची सूचना आहे. झाडाचे मराठी नाव, बंगाली नाव, शास्त्रीय नाव, कोणता भाग, कसा वापरला. आणि गुण आला की नाही, हेही. विशेषतः 'गुण आला नाही' हे लिहिण्यास कचरू नये. आमच्या घरच्या पानावर वडिलांच्या पायाची हकीकत आम्ही स्वतः लिहून देऊ.

आजीचा बटवा आपल्याकडे वारसा म्हणून आला आहे. वारशाने आलेले दागिने आपण सोनाराकडून कसास लावून घेतो, तेव्हा आजीवर अविश्वास दाखवीत नाही. बटव्यालाही तोच न्याय लावावा, एवढीच विनंती.